जुनी विंडोज, नवे मशीन: ड्रायव्हर नेमका कुठे अडतो

इंटेलचा ८०८६ प्रोसेसर १९७८ साली आला. आजच्या डेस्कटॉपमधला इंटेलचा किंवा एएमडीचा प्रोसेसर वीज मिळताच त्याच वळणाच्या १६ बिटी अवस्थेत जागा होतो आणि फर्मवेअर त्याला मग ३२ व ६४ बिटी अवस्थांत नेते. चार दशकांपूर्वीच्या सूचना त्याला आजही कळतात. असे असताना २००९ सालच्या विंडोज ७चा पेनड्राइव्ह २०१६ सालच्या मशीनला लावला, तर इन्स्टॉलेशन पहिल्या-दुसऱ्या पडद्यावरच का थांबते?

कारण ऑपरेटिंग सिस्टीमचे काम प्रोसेसरवर भागत नाही. डिस्क, कीबोर्ड, पडदा आणि नेटवर्क यांच्याशीही तिला बोलावे लागते आणि या प्रत्येकाच्या आणि तिच्या मध्ये एक कंट्रोलर चिप बसलेली असते. त्या चिपच्या कोणत्या रजिस्टरमध्ये कोणत्या क्रमाने काय लिहायचे आणि उत्तर कुठून वाचायचे, हे ज्या प्रोग्रामला ठाऊक असते तो ड्रायव्हर. प्रोसेसर बनवणाऱ्यांनी मागचे सारे सांभाळायचे बंधन पाळले. कंट्रोलर बनवणाऱ्यांवर तसे बंधन कधी नव्हतेच.

जुनी विंडोज हौसेने टाकणारे थोडे. बहुतेकांची ती गरज असते. मराठी छपाईच्या धंद्यात पेजमेकरवर आणि युनिकोडपूर्व फॉन्टांवर उभे असलेले डीटीपीचे काम अजून संपलेले नाही. वर्षानुवर्षांच्या फायली त्याच साच्यात आहेत आणि फॉन्टांचे परवाने हार्डवेअर डोंगलला बांधलेले आहेत. कारखान्यातल्या सीएनसी मशीनचा किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणाचा प्रोग्रामही असाच एका जुन्या विंडोजवर अडकलेला असतो. अशा ठिकाणी मदरबोर्ड जळाला की नवा मदरबोर्ड आणि जुनी विंडोज यांची गाठ पडते. ‘नव्या मशीनवर जुनी विंडोज चालत नाही’ एवढे उत्तर त्या माणसाच्या उपयोगाचे नसते. कोणत्या टप्प्यावर, कोणत्या चिपपाशी आणि का अडते, हे त्याला हवे असते.

तारीख कोणाची पाहायची

‘मशीन नवे, सिस्टीम जुनी’ हे निदान ढोबळ आहे आणि पुष्कळदा चुकीचेही. २०२० साली विकत घेतलेली साटा एसएसडी विंडोज ७ला विनातक्रार दिसते. २०१५ सालची एनव्हीएमई एसएसडी मात्र दिसत नाही. वस्तूचे वय पाहिले तर हे उलटे वाटते. पण पहिली एसएसडी ज्या कंट्रोलरला जोडलेली असते तो एएचसीआय या पद्धतीने बोलतो आणि त्या पद्धतीचे १.० मानक २००४चे आहे. एनव्हीएमईचे १.० मानक मार्च २०११चे. विंडोज ७ बाजारात आली ऑक्टोबर २००९मध्ये. तेव्हा तुलना करायची ती सिस्टीमच्या प्रकाशनाची आणि वस्तू ज्या मानकाने बोलते त्या मानकाच्या तारखेची. वस्तू कधी बनली हा प्रश्न दुय्यम आहे. माझ्या मते ड्रायव्हरच्या बहुतेक कोड्यांची किल्ली हीच आहे.

ही तुलना किती काटेकोर असावी लागते, हे यूएसबी ३.०वरून कळते. यूएसबी ३.०चे मानक नोव्हेंबर २००८मध्ये, म्हणजे विंडोज ७च्या जवळजवळ वर्षभर आधी जाहीर झाले. मग विंडोज ७मध्ये त्याचा ड्रायव्हर का नाही? कारण ते मानक केबलमधून डेटा कसा वाहतो याचे होते. ऑपरेटिंग सिस्टीमने कंट्रोलर चिपशी कसे बोलायचे याचे मानक वेगळे. त्याचे नाव एक्सएचसीआय, आणि त्याची १.० आवृत्ती आली मे २०१०मध्ये. विंडोजच्या पोटातच एक्सएचसीआयचा ड्रायव्हर पहिल्यांदा मिळाला तो २०१२च्या विंडोज ८मध्ये.

मानक इतके निर्णायक ठरते ते ओळख पटवण्याच्या रीतीमुळे. पीसीआय बसवर बसलेली प्रत्येक चिप विचारल्यावर आपले क्रमांक सांगते. त्यात उत्पादकाचा क्रमांक असतो (इंटेलचा ८०८६ आहे, जुन्या प्रोसेसरच्या आठवणीत ठेवलेला), त्या मॉडेलचा क्रमांक असतो आणि शिवाय एक वर्ग-क्रमांक असतो. विंडोज आपल्या आयएनएफ फायलींत, म्हणजे ड्रायव्हरांच्या नोंदींत, आधी नेमक्या मॉडेलची नोंद शोधते. ती सापडली नाही तर वर्ग-क्रमांकावरून सर्वसाधारण ड्रायव्हर लावून पाहते. २०१८ सालच्या चिपचा मॉडेल-क्रमांक २००९च्या सिस्टीमला माहीत असणे शक्यच नाही, पण ती चिप ‘मी एएचसीआय वर्गातली’ असे सांगत असेल तर काम भागते. ध्वनी, ग्राफिक्स आणि वायफाय यांत मात्र असा सर्वमान्य वर्ग कमी उपयोगी पडतो. तिथे बहुतेकदा उत्पादकाचाच ड्रायव्हर लागतो.

ताबा बदलतो तो क्षण

ड्रायव्हर नसणे ही एक गोष्ट आणि तो कोणत्या क्षणी नसतो ही दुसरी. इन्स्टॉलेशन संपल्यावर आवाज येत नसेल तर दुसऱ्या मशीनवरून ड्रायव्हर आणून टाकता येतो. पण डिस्कचाच ड्रायव्हर नसेल तर तो ठेवायचा कुठे? आणि कीबोर्डचा नसेल तर ‘पुढे’ हे बटण दाबायचे कशाने?

इथे अनेकांना चकवणारी गोष्ट अशी की सुरुवात नीट होते. पेनड्राइव्हवरून फायली भराभर वाचल्या जातात, बायोसच्या पडद्यावर कीबोर्ड चालतो, बूट मेनूत बाण वरखाली होतो. आणि मिनिटभराने तोच पेनड्राइव्ह सापडत नाही, तोच कीबोर्ड मेलेला असतो. पोर्ट बिघडलेला नसतो, कीबोर्डही नाही. सुरुवातीची सगळी वाचनाची कामे फर्मवेअर स्वतःच्या ड्रायव्हरने करून देत असते आणि विंडोजचा लोडर त्याच्या सेवा वापरून कर्नल व इतर फायली रॅममध्ये आणतो. कर्नल जागा झाला की तो फर्मवेअरचा हात सोडतो आणि सगळी यंत्रणा आपल्या ड्रायव्हरांच्या हाती देतो. रिलेच्या शर्यतीतला बॅटन देणारा हात निघून गेला आहे आणि घेणारा हात पोचलेलाच नाही, अशी ही अवस्था. जुन्या सिस्टीमच्या इन्स्टॉलेशनमधले सर्वांत गूढ वाटणारे बिघाड या एका क्षणाभोवती घडतात.

विंडोज एक्सपीमध्ये हा बिघाड डिस्कपाशी दिसे. एक्सपी ऑक्टोबर २००१मध्ये आली, म्हणजे एएचसीआयच्या आधी. साटा कंट्रोलर एएचसीआय मोडमध्ये असलेल्या लॅपटॉपवर ती टाकायला घेतली की कधी ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असा संदेश येई, कधी निळा पडदा आणि त्यावर स्टॉप कोड ७बी, म्हणजे ज्या साधनावरून बूट व्हायचे ते हाती लागत नाही. उपाय म्हणून सेटअपच्या सुरुवातीला एफ ६ दाबून ड्रायव्हर देण्याची सोय होती, पण तो ड्रायव्हर फक्त फ्लॉपीवरून घेतला जाई. ज्या लॅपटॉपांना एएचसीआयचा ड्रायव्हर लागत होता त्यांतून फ्लॉपी ड्राइव्ह केव्हाच गेलेला होता. मग दोन वाटा उरत. बायोसमध्ये साटा मोड ‘आयडीई’ करायचा, म्हणजे चिप जुन्या पद्धतीने बोलू लागे, किंवा एनलाइटसारख्या साधनाने ड्रायव्हर मिसळलेली नवी सीडी बनवायची.

पहिली वाट सोपी, पण तिच्यात पुढचा खड्डा असे. आयडीई मोडमध्ये विंडोज टाकून झाल्यावर कोणी बायोसमध्ये पुन्हा एएचसीआय केले की तोच निळा पडदा परत येई. विंडोज ७मध्येही हे घडते, आणि तिच्यात तर एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच आहे. तो ड्रायव्हर डिस्कवर असून उपयोग नाही. बूटच्या वेळी उचलायच्या ड्रायव्हरांच्या यादीत त्याचे नाव लागते आणि इन्स्टॉलेशनच्या वेळी न लागलेला ड्रायव्हर विंडोज त्या यादीतून वगळते. रजिस्ट्रीत एमएसएएचसीआय या ड्रायव्हरची स्टार्ट ही किंमत ३ची ० करून मग बायोस बदलला की मशीन सुरळीत सुरू होते. ड्रायव्हर असणे आणि तो वेळेवर हजर असणे यांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

विंडोज ७ आणि यूएसबी

एक्सएचसीआय आल्यावर काही वर्षे कोणाला काही जाणवले नाही, कारण इंटेलच्या चिपसेटमध्ये नव्या कंट्रोलरच्या शेजारी यूएसबी २.०चा जुना ईएचसीआय कंट्रोलरही असे. निळे पोर्ट चालले नाहीत तरी काळे चालत. २०१५मध्ये स्कायलेक प्रोसेसरांबरोबर आलेल्या १०० मालिकेच्या चिपसेटमधून इंटेलने ईएचसीआय काढून टाकला. आता सगळेच पोर्ट, काळेही, एक्सएचसीआयच्या ताब्यात गेले. परिणामी दहा वर्षांपूर्वीचा साधा यूएसबी कीबोर्डही विंडोज ७च्या सेटअपमध्ये बंद पडला. कीबोर्डमध्ये काहीच बदलले नव्हते. मधला दुभाषा बदलला होता.

त्यावर सेटअपचा संदेश असा, की सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करणारा हे वाचून चक्रावतो आणि डीव्हीडीचे ड्रायव्हर शोधत बसतो. सेटअपला म्हणायचे असते ते इतकेच, की मी जिथून सुरू झालो ती जागाच मला आता दिसत नाही. संदेश लिहिला गेला तेव्हा ती जागा म्हणजे डीव्हीडी, हे गृहीत होते.

या कोंडीतून सुटायला मदरबोर्डवरचा गोल पीएस/२ पोर्ट उपयोगी पडतो. ती जोडणी आयबीएमने १९८७मध्ये आणली, तिचा ड्रायव्हर प्रत्येक विंडोजमध्ये आहे. पीएस/२ कीबोर्ड आणि साटा डीव्हीडी ड्राइव्ह जोडला तर स्कायलेक मशीनवर विंडोज ७चे सेटअप शेवटपर्यंत जाते, कारण दोन्ही वाटा यूएसबीला टाळून जातात. मग मदरबोर्डच्या सीडीवरचा यूएसबी ड्रायव्हर टाकला की पोर्ट जिवंत होतात. पुष्कळ लॅपटॉपांचा आतला कीबोर्डही याच जुन्या पद्धतीने जोडलेला असल्याने तो चालत राहतो आणि बाहेरचा माउस मात्र मरतो, हे कोडेही इथे सुटते.

डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर ड्रायव्हर इन्स्टॉलेशनच्या फायलींतच घालावा लागतो. इंटेलने त्यासाठी एक छोटे साधन दिले होते. हाताने करायचे तर डीआयएसएम ही आज्ञा आहे. या कामात लोक एका ठिकाणी हमखास फसतात. विंडोजच्या पेनड्राइव्हवर दोन मोठ्या फायली असतात. बूट.विममधली छोटी विंडोज सेटअप चालवते आणि इन्स्टॉल.विममधली विंडोज डिस्कवर उतरते. दोन्ही स्वतंत्र सिस्टीम आहेत आणि दोघींना आपापला ड्रायव्हर लागतो. फक्त इन्स्टॉल.विममध्ये घातला तर सेटअपच सुरू होत नाही. फक्त बूट.विममध्ये घातला तर सेटअप छान पार पडते, मशीन रीस्टार्ट होते आणि वापरकर्त्याचे नाव विचारणाऱ्या पडद्यावर कीबोर्ड-माउस मरतात. बूट.विममध्येही दोन प्रतिमा असतात आणि सेटअप चालते ती दुसरी. पहिलीतच ड्रायव्हर घालून थांबणाऱ्याला वाटते की साधनच कुचकामी आहे.

एनव्हीएमईची गोष्ट याच धर्तीची. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७साठी केबी २९९०९४१ या हॉटफिक्समधून तो ड्रायव्हर दिला, आणि तोही दोन्ही विम फायलींत घालावा लागतो. पडद्याचा प्रश्न निराळा आहे. विंडोज ७चा बूट जुन्या बायोसच्या व्हिडिओ सेवेवर अवलंबून असल्याने, ज्या यूईएफआय मशीनमध्ये सीएसएम हा जुळवणीचा भाग उरलेला नाही तिथे ती लोगोपाशी गोठते. सिक्युअर बूट तर बंदच ठेवावे लागते.

हे सगळे विंडोज ७चेच दुखणे आहे असे नाही. अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपांवर विंडोज १० टाकताना ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ असे दिसते. विंडोज १०ला एनव्हीएमई येते. पण त्या लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचा कंट्रोलर चालू ठेवलेला असतो आणि एसएसडी त्याच्या आड लपते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करावे किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ म्हणावे.

चिप बोलते, पण परवानगी नाही

डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या उद्गारचिन्हांना एकच अर्थ नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हर आहे, पण त्याच्या डिजिटल सहीवर विंडोजचा विश्वास नाही. ६४ बिटी विंडोज व्हिस्टापासून कर्नलमध्ये सही नसलेला ड्रायव्हर घेतला जात नाही. पुढे सह्यांची पद्धत शा-१वरून शा-२वर गेली आणि मूळ विंडोज ७ला शा-२ची सही वाचताच येत नाही. म्हणून २०१७ साली विंडोज ७साठीच बनवलेला ड्रायव्हर ताज्या विंडोज ७वर नाकारला जाऊ शकतो. त्याला आधी केबी ३०३३९२९ हे २०१५चे अपडेट हवे. आणि २०१९मध्ये खुद्द अपडेट्सच शा-२च्या सहीने येऊ लागल्यापासून ती पात्रता देणारे अपडेटही हाताने आणून टाकावे लागते. नेटवर्कचा ड्रायव्हर नसेल तर तेही दुसऱ्या मशीनवरून.

शेवटचा अडथळा तंत्राचा नाही, धोरणाचा आहे. जानेवारी २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की इंटेलचे सातव्या पिढीचे कॅबी लेक आणि त्यापुढचे प्रोसेसर फक्त विंडोज १०वर समर्थित असतील. २०१७च्या वसंतात सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर आणि एएमडी रायझन यांवरच्या विंडोज ७ला अपडेट्स नाकारायला सुरुवात झाली. त्या मशीनांवर विंडोज ७ सुरू होत होती, प्रोग्राम चालत होते. जुन्या सिस्टीमची नव्या चिपवर चाचणी घेण्याला खर्च येतो आणि वीज वाचवण्याच्या नव्या अवस्था जुन्या कर्नलला नीट हाताळता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण समर्थन न देणे आणि विंडोज ७चा जाहीर आधार जानेवारी २०२०पर्यंत असताना सुरक्षेची दुरुस्ती अडवून धरणे यांत फरक आहे, आणि दुसरी गोष्ट मला अन्यायाची वाटते.

लिनक्सची वेगळी मांडणी

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्याच आत असतात, त्यामुळे ‘वितरण किती जुने’ हा प्रश्न ‘कर्नल किती जुना’ इतकाच उरतो. आणि कर्नल बदलता येतो. वरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द मोडायचा नाही हा कर्नलचा कडक नियम असल्याने जुन्या वितरणाखाली नवा कर्नल सरकवता येतो. उबुंटू २२.०४ची पहिली आयएसओ कर्नल ५.१५ घेऊन आली आणि त्याच २२.०४ची पाचवी दुरुस्त आयएसओ ६.८ घेऊन. नवा लॅपटॉप पहिलीवर वायफाय दाखवत नसेल तर नावावर न जाता शेवटची आयएसओ घ्यावी. रेड हॅटने एंटरप्राइझ लिनक्स ७मध्ये वेगळी वाट धरली. कर्नलचा आकडा ३.१० तसाच ठेवून नवे ड्रायव्हर त्यात मागे आणून बसवत राहिले. हे काम फार कष्टाचे आहे, आणि त्याचे पैसे मोजणारे ग्राहक असल्यामुळेच ते होते.

लिनक्समध्ये ड्रायव्हर असूनही वायफाय न चालण्याचे आणखी एक कारण फर्मवेअरची फाइल, जी चिपमध्ये उतरवावी लागते. डेबियनने जून २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून ती अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतली. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती वेगळी आणावी लागे. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे. त्याला लागणारा ड्रायव्हर जुन्या कर्नलांतही असतो.

विंडोजमध्ये अशी फोड नाही. प्रोग्रामकडची बाजू जुनी आणि हार्डवेअरकडची नवी, असे तिला कापता येत नाही. व्हर्च्युअल मशीन नेमके हेच काम करते. क्यूईएमयू हे असे एक साधन आपल्या पाहुण्या सिस्टीमला मुळात जो चिपसेट दाखवते तो इंटेलचा १९९६चा ४४०एफएक्स. व्हर्च्युअलबॉक्स एक्सपीला एएमडीचे पीसीनेट नेटवर्क कार्ड दाखवते, ज्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीवर आहे. जुन्या सिस्टीमला तिच्या काळातले मशीन मिळते आणि नव्या हार्डवेअरशी बोलायचे काम खालची आजची सिस्टीम करते. डीटीपीसाठी मी हीच वाट आधी सुचवीन. यूएसबी डोंगल आत सोपवता येतो. प्रिंटर पोर्टचा जुना डोंगल किंवा सीएनसीचे पीसीआय कार्ड असेल तर मात्र ही वाट खुंटते. तिथे त्या काळातला मदरबोर्ड, त्याचा एक जोड आणि ड्रायव्हरच्या फायली जपण्यावाचून इलाज नाही.

आणि फायली नाहीशा होत आहेत. २०१९च्या अखेरीस इंटेलने जुन्या मदरबोर्डांचे बायोस व ड्रायव्हर उतरवायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टने शा-१ सहीच्या फायली आपल्या डाउनलोड सेंटरवरून काढल्या. जे जुने मशीन आज चालू आहे, त्याच्या सी ड्राइव्हवर विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरात ड्रायव्हरस्टोअर आणि त्यात फाइलरिपॉझिटरी हे फोल्डर आहे. विंडोज ७वर लागलेला प्रत्येक ड्रायव्हर आपल्या आयएनएफ फायलीसह तिथे जपलेला असतो. ते पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून त्यासोबत मदरबोर्डचे नाव, बायोसची आवृत्ती आणि साटा मोड लिहून ठेवावा. पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ आली तर डिव्हाइस मॅनेजरला तेच फोल्डर दाखवता येते.